विळी आणि पटाशी

आमच्या घरात धारेच्या वस्तू दोनच होत्या. एक यजमानांचा दाढीचा वस्तरा आणि दुसरी स्वयंपाकघरातली विळी. वस्तरा डबीत, डबी फडताळात आणि फडताळाला कडी. विळी मात्र जमिनीवर, उघडी, चुलीकडून माजघरात जायच्या वाटेवरच. वस्तऱ्याजवळ कोणी गेलं की सगळे 'जपून, जपून' करत. विळीपाशी मी दिवसातून चार वेळा बसत असे, तेव्हा मात्र 'आटप लवकर' एवढंच कानावर येई. धारेची भीती कोणासाठी वाटायची आणि कोणासाठी नाही, हे मला लग्न होऊन नाशकात आल्यावर पहिल्या आठवड्यातच कळलं. पण कळलेलं सगळं बोलून दाखवायची आमच्यात पद्धत नव्हती.

ही हकिगत एकोणीसशे तीसनंतरच्या पाचसात वर्षांतली. खाली छापखाना, वर बिऱ्हाड. छापखाना सासऱ्यांनी काढलेला. ते गेल्यावर यजमान चालवत. तिकडे नाशिक रोडला सरकार नोटा छापत होतं आणि इकडे आम्ही तपकिरीच्या पुड्या, उटण्याची पाकिटं, लग्नपत्रिका आणि फिरत्या नाटक मंडळ्यांच्या जाहिराती. दोन्हीकडे शाईनं हात काळे होत, एवढंच काय ते साम्य. अक्षरं छापायला शिशाचे खिळे असत, ते विकत मिळत. चित्र छापायचं तर लाकडाचा ठसा कोरावा लागे. चित्रातली रेघ तेवढी उंच ठेवायची, भोवतालचं लाकूड खणून काढायचं, मग उंच राहिलेल्या भागाला शाई लावून वर कागद दाबायचा. मुंबईहून जस्ताचे ठसे करून मागवता येत, पण गिऱ्हाईकाचा सण उलटून गेल्याशिवाय ते काही यायचे नाहीत.

आमचे ठसे कोरायला एक म्हातारे मुसलमान कारागीर येत. सगळे त्यांना चाचा म्हणत. उभा जन्म त्यांनी रंगाऱ्यांसाठी कापडावर उठवायचे ठसे कोरले होते. गिरणीचं छापील कापड आलं, रंगाऱ्यांची पातेली उपडी झाली, आणि चाचा कापडावरून कागदावर आले. ओट्यावर उजेडाच्या बाजूला त्यांची बैठक होती. सासूबाईंनी त्यांच्या चहासाठी एक वेगळा कप ओट्यावरच्या कोनाड्यात काढून ठेवला होता, कान तुटलेला. चाचांनी पहिल्या दिवशी त्या कपाकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरून आपला पेला आणायला लागले.

"आईसाहेब, माझं सोवळं लय कडक हाय," ते सासूबाईंना म्हणाले. "दुसऱ्याच्या भांड्यातलं चालत नाय मला."

सोवळ्यात सासूबाईंना कोणी मागे टाकलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

सासूबाईंचं सोवळं म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. वैधव्य येऊन बारा वर्षं झाली होती, अंगावर कायम लाल आलवण, आणि उरलेल्या सगळ्या आयुष्याचा जोर त्यांनी चुलीभोवतीच्या चार हात जागेवर लावला होता. तिथे कोणी कधी शिवायचं याचे नियम मला पाठ व्हायला वर्ष लागलं. त्यातला एक असा, की अंगावर ओली जखम असेल तर चुलीपाशी यायचं नाही. खपली धरून पडेपर्यंत स्वयंपाक बंद. नियम तसा वाईट नव्हता. पण बोट कापलं की आधी दुखायच्या ऐवजी आता कोण रांधणार याची काळजी लागायची, आणि त्या काळजीपायी कित्येक बोटं पदरात गुपचूप दाबली जायची.

तर चाचांचे डोळे गेले. एकदम नव्हे, हळूहळू. मोतीबिंदू झाला होता. मोठी रेघ दिसे, बारीक रेघ हरवे. एकदा तपकिरीच्या पुडीवरच्या मोराला त्यांनी पिसाऱ्याऐवजी शेपूट दिलं. तपकीरवाल्याला तो मोर फारच आवडला, हा भाग निराळा. पण यजमान हादरले. आता ठसे कोण कोरणार?

म्हणून आधी यजमानांनीच लाकूड कोरायची पटाशी हातात घेतली. बसले, चाचा सांगताहेत ते न ऐकता मान हलवली, आणि पहिल्या घटकेतच गोल तोंडाची पटाशी डाव्या अंगठ्यात घातली. तिचं तोंड गोल, त्यामुळे जखमही गोल येते, कापून टाकलेल्या नखासारखी अर्धी कोर. पुढे बारा दिवस त्या अंगठ्याचा जो काय थाट झाला! सकाळी हळद, दुपारी तूप, संध्याकाळी त्या अंगठ्याला त्रास नको म्हणून पाण्याचा तांब्यासुद्धा दुसऱ्यानं उचलायचा. सासूबाई स्वतः दूध गरम करून देत. खपली पडली तेव्हा यजमान म्हणाले, "मला वेळ कुठे आहे असल्या कामाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या दिवसांत चाचांना रेघ सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी दाराच्या आतल्या बाजूला बसे, ते ओट्यावर. मध्ये उंबरा. मी म्हणायची, आता रेघ खाली उतरली, आता डावीकडे वळली, आता थांबा. एके दिवशी त्यांनी पटाशी खाली ठेवली आणि यजमानांना हाक मारली.

"रेघ यांना दिसते आणि कोरतोय मी. हा काय धंदा झाला? वहिनीसाहेबांनाच द्या ना पटाशी."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वर पाहिलं, म्हणजे सासूबाईंच्या दिशेनं. मला ते काम हवं होतं. चांदवडला माहेरी असताना मी पाटीवर चित्रं काढायची, ती लग्नानंतर सुटली होती, आणि या उंबऱ्यापाशी बसून दुसऱ्याला रेघ सांगता सांगता माझा हात शिवशिवत असे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर 'हात शिवशिवतोय तर वाती वळ' असं उत्तर आलं असतं.

सासूबाई खाली आल्या. उंबऱ्याच्या आत उभ्या राहून म्हणाल्या, "मुलाचा अंगठा पाहिलाय मी. हिचं बोट कापलं तर माझ्या चुलीचं काय?"

चाचांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, मग पालथे. "चाळीस वर्षं झाली, आईसाहेब. बघा. एक निशाण नाय. हत्यार बोट कापत नाय, घाई कापते."

सासूबाईंनी ते हात पाहिले. चांगला वेळ पाहिले. बोटं लांब होती, रंगाचे जुने डाग होते, पण कातडीवर खरंच एक वण नव्हता. मग का कोण जाणे, त्यांनी आपले स्वतःचे हात पदराखाली घेतले.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. रक्ताचा एक थेंब दिसला की पटाशी बंद. कायमची."

नवऱ्याला बारा दिवस दूध आणि मला एका थेंबाची मुदत. पण मी लगेच हो म्हटलं. भांडत बसले असते तर तीही मिळाली नसती.

चाचांनी माझ्यासाठी आधी एक फळी केली. आम्ही बसणार जमिनीवर, त्यामुळे टेबलाची सोय नाही. फळीची अलीकडची बाजू विळीच्या पाटासारखी गुडघ्याखाली दाबायची, आणि पलीकडच्या टोकाला काटकोनात दोन पट्ट्या ठोकलेल्या. हळदूच्या लाकडाचा ठोकळा त्या कोपऱ्यात बसवायचा. पटाशी पुढे ढकलली की ठोकळा पट्ट्यांवर रेटला जातो, हलत नाही. ठोकळा धरायचं काम फळीचं. डावा हात नुसता मागे टेकलेला, पात्याच्या मागे, नेहमी मागे.

"हात पात्याच्या वाटेत नाय आला, तर पातं कुठंबी जाऊ दे," चाचा म्हणाले.

मी बसले. फळी गुडघ्याखाली घेतली, उजव्या हातात पटाशी धरली, ठोकळा डाव्या हातानं घट्ट पकडला आणि पटाशीकडे ढकलला.

चाचा ओरडले. त्यांना ओरडताना मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी पटाशी टाकली. वर माडीवर भांड्यांचा आवाज थांबला.

"काय केलं तुमी?" ते म्हणाले. "लाकूड हत्यारावर नेलं!"

मला क्षणभर कळेना यात चुकलं काय. मग लक्षात आलं. सात वर्षांची असल्यापासून मी विळीवर बसत होते. विळीचं पातं जागचं हलत नाही, भाजी हातात धरून पात्याकडे न्यायची असते. माझ्या हातांना कापणं म्हणजे तेवढंच ठाऊक होतं. चाचांच्या चाळीस वर्षांत त्यांच्याकडे शिकायला आलेले सगळे पुरुष होते, त्यामुळे ही चूक त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ते बराच वेळ हसत राहिले, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "म्हणजे घराघरात बाया रोज हात पात्याकडे नेतात?"

मी म्हटलं, "दिवसातून चार वेळा."

"या अल्ला," ते म्हणाले आणि पेल्यातला चहा प्यायले.

मग तीन महिने त्यांनी मला कोरायला असं काही दिलंच नाही. नुसते ठोकळ्यावर सरळ चर काढायचे. आधी धार लावायला शिकवलं. बोथट पटाशीला जोर लागतो, जोर लागला की ती निसटते, निसटली की मांस शोधते. रोज सकाळी दगडावर तेलाचा थेंब टाकून मी पटाशी घासायची. बारीक रेघेच्या कडेनं आधी सुरीनं चीर द्यायची, म्हणजे पटाशी तिथे येऊन थांबते, रेघ ओलांडत नाही. वळण आलं की हात वळवायचा नाही, ठोकळा फिरवायचा. एका दमात खोल खणायचं नाही. बांगड्या वर सारून फडक्यानं बांधायच्या, पदर खोचायचा. कोणी हाक मारली तर आधी पटाशी खाली, मग ओ. आमच्या घरात मला मिनिटाला एक हाक पडत असे, त्यामुळे माझं अर्धं शिक्षण पटाशी खाली ठेवण्यातच झालं.

सगळ्यांत अवघड गेला तो पडलेलं हत्यार न झेलण्याचा नियम. पटाशी मांडीवरून घसरली तर हात वर घ्यायचे, पाय मागे घ्यायचे आणि तिला खुशाल पडू द्यायचं. बाईच्या जातीला हे कसं जमावं? वाटी पडली तर झेल, दूध उतू गेलं तर धाव, कोणाचा चेहरा पडला तर तोही झेल. चाचा मुद्दाम माझ्यासमोर पटाशी टाकत आणि माझा हात पुढे गेला की पुन्हा उचलून पुन्हा टाकत. शेवटी एकदा मी हात वर करून शांत बसले आणि पटाशी ओट्यावर खणखणली. त्या दिवसापासून ते मला वहिनीसाहेब सोडून बेटी म्हणायला लागले. माझ्या लहान मुठीत बसेल अशी एक बारीक तोंडाची, आखूड दांड्याची गोल पटाशीही त्यांनी मला करून दिली. ती माझी पटाशी.

वर्ष गेलं. मी तपकिरीचे मोर कोरले, नाटकवाल्यांचे मुकुट कोरले, लग्नपत्रिकांचे गणपती तर किती कोरले याला गणती नाही. थेंबभर रक्त आलं नाही. सासूबाई रोज संध्याकाळी काही तरी निमित्तानं माझे हात बघत. कधी 'मेंदी उतरली का' म्हणून, कधी 'तांदूळ दे इकडे' म्हणून. मला राग यायचा. चोराच्या घरची झडती रोज घेत नाहीत, माझी घेत होत्या.

त्या वर्षी दिवाळीआधी उटणंवाल्याचं मोठं काम आलं. पाकिटावर आरशात पाहणारी बाई हवी होती. ठोकळा निम्मा कोरून झाला होता. सकाळी मी स्वयंपाकघरात लाल भोपळा चिरायला बसले. विळीला धार लावणारा वर्षातून एकदा दारावर यायचा, त्याला येऊन दहा महिने झाले होते. खाली माझी पटाशी रोज दगडावर जात होती आणि वर ही विळी नुसती चिंचेनं घासली जात होती. भोपळा टणक. पातं आत जाईना. आणि माझ्या हातांना आता एक नवी सवय लागली होती: जोर करायचा तो अंगापासून दूर, पुढे. ठोकळ्यावर ते बरोबर होतं, तिथे पुढे मोकळी जागा असते. विळीवर पुढे पातं असतं. मी सगळा जोर पुढे लावला, भोपळा एकदम दुभंगला, आणि माझं डावं बोट पात्यावर गेलं.

म्हणजे वर्षभर जपून कोरायला शिकले, ते भोपळ्यापाशी नडलं.

रक्त भोपळ्याच्या फोडींवर पडलं. आणि समोर, चुलीपाशी, सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी उठून हळद दाबली, जुन्या धोतराची चिंधी घट्ट बांधली, फोडी बाहेर टाकल्या आणि मला म्हणाल्या, "माजघरात जाऊन बस."

मी बसले. विळीनं कापलं आहे, पटाशीनं नाही, हे वाक्य मी मनात दहा वेळा घोळवलं. पण अट आठवत होती. सासूबाई रक्ताचा थेंब म्हणाल्या होत्या, कशानं ते म्हणाल्या नव्हत्या. आणि शब्दाला त्या किती घट्ट, हे मला ठाऊक होतं. बोटापेक्षा त्या निम्म्या राहिलेल्या बाईचं मला जास्त दुःख झालं. मला रडू आलं, आणि रडताना कोणी पाहू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी जेवणं आटोपल्यावर सासूबाई आल्या. हातात माझी हत्यारांची पेटी होती. ती खाली ओट्यावरून त्यांनी स्वतः आणली होती, म्हणजे नंतर त्यांना आंघोळ करावी लागणार होती. मला वाटलं, आता ही फडताळात जाणार, वस्तऱ्याशेजारी, कडी लावून.

त्या माझ्यासमोर बसल्या, पेटी मध्ये ठेवली आणि डावा हात पुढे केला.

"मोज," म्हणाल्या.

मला कळेना. त्यांनी बोट दाखवलं. अंगठ्याच्या पेरावर, तर्जनीच्या कडेला, तळव्याच्या उंचवट्यावर पांढरे वण होते. लांब, सरळ, काही एकावर एक. मी इतकी वर्षं त्या हातून पोळी घेत होते आणि हे पाहिलं नव्हतं. मी मोजले. अकरा भरले.

"हा सुरणाचा," त्या म्हणाल्या. "हा फणसाचा, श्रावणातल्या मुंजीच्या आदल्या—" आणि थांबल्या, कारण श्रावणात मुंजी नसतात. "कधीचा तरी. हा तुझ्या नवऱ्याच्या उष्टावणाचा. तेव्हा शंभर पान होतं, बोट पदरात धरून रांधलं मी. नियम कसला, सांगते कोणाला. मला सासू होती." थोड्या वेळानं म्हणाल्या, "अकरा वेळा कापलं. कोणी विळी उचलून ठेवली नाही."

इतके दिवस त्या माझे हात तपासत होत्या, ते रक्त शोधायला असं मी धरून चालले होते. आता वाटलं, वर्षभर हत्यार चालवून एखाद्या बाईचा हात कोरा राहू शकतो, हेच त्यांना रोज नव्यानं बघायचं असावं.

त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. "दहा दिवस तुला चूल बंद. मग वेळच वेळ आहे. कर ते तुझं."

ते दहा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, हे लिहायला मला आजही लाज वाटते. एक सासू एकटी रांधत होती आणि सून बोटाला चिंधी बांधून ओट्यापाशी उटण्याची बाई कोरत होती. ठोकळा फळीनं धरलेला, त्यामुळे कापलेल्या बोटाला काही काम नव्हतं. खपली आठव्या दिवशी पडली. मी ती दहाव्या दिवसापर्यंत कोणाला सांगितली नाही.

त्या बाईचंही सांगते. कोरत कोरत आरशाच्या दांड्यापाशी आले तेव्हा लक्षात आलं की मूळ चित्र काढणाऱ्यानं तिला सहा बोटं काढली आहेत. उटणंवाल्यानं पाहिलं नव्हतं, यजमानांनी पाहिलं नव्हतं. चाचांना विचारलं, तर म्हणाले, "एक उडव." मी उडवलं. माझ्या पटाशीनं कापलेलं ते एकुलतं एक बोट, असं मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना हसत हसत सांगत असे.

दिवाळी झाली. एके दिवशी सासूबाई उंबऱ्यापर्यंत आल्या आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "तुझी ती फळी आहे ना, तशी भाजीला होईल का, विचार त्यांना."

चाचा तीन हातांवर बसले होते. मी विचारल्याचं नाटक केलं. त्यांनी चार दिवसांत आंब्याच्या लाकडाची फळी केली, पुढे दोन पट्ट्या, कोपरे गोल, कुठे कुसळ नाही. सोबत एक सुरी, धार लावून. भाजी पट्ट्यांना टेकवायची, हात पात्याच्या वाटेत न आणता सुरी चालवायची. आता प्रश्न असा की ज्यांच्यासाठी कान तुटलेला कप बाहेर ठेवावा लागतो, त्यांच्या हातची फळी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात जाते कशी? यजमान आणि मी दोघंही बघत होतो. सासूबाईंनी फळी गंगेवर, म्हणजे नाशकातल्या नदीवर, नेली, तीन वेळा बुचकळली, ओल्यानंच वर आणली आणि चुलीपाशी ठेवली.

"लाकूड झाडाचं," त्या म्हणाल्या. "झाडाला कसली जात?"

कपाची जागा कोनाड्यातच राहिली. पण तुटक्या कपाच्या जागी एक धड कानाचा आला. चाचांनी तो पाहिला आणि तरीही पेला आणणं सोडलं नाही.

विळी खुंटीवर गेली. तिच्या पात्यावर गंज चढला, पाटाला कोळिष्टक लागलं. सुरीला धार मी लावून द्यायची, पटाशीबरोबरच. सासूबाई फळीवर इतक्या भराभर भाजी चिरत की शेजारच्या बायका बघायला येत. पुढे दोनएक वर्षांनी एकदा त्यांच्या डाव्या हाताला चिंधी दिसली. मी विचारलं, काय झालं. "विळी लागली," म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि तेवढे दिवस चूल सांभाळली. मला शाईचं काम होतं, चाचा आजारी होते, आणि एखाद्या वाक्याकडे नीट बघायला वेळ लागतो, तो मी दिला नाही.

चाचा त्या पावसाळ्यात गेले. सासूबाई त्यानंतर दीड वर्षानं.

त्यांना शेवटची आंघोळ आम्ही बायकांनी घातली. डावा हात माझ्याकडे आला. मी पाणी घालत होते आणि सवयीनं मोजत होते. सुरणाचा, फणसाचा, उष्टावणाचा. अकरा भरले. फळी आल्यावर एकही वाढला नव्हता, म्हणून मला त्या अवस्थेतही जरा बरं वाटलं.

मग तळव्याच्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी, बारावा दिसला. तो सरळ नव्हता. अर्धी कोर होती, कापून टाकलेल्या नखासारखी, पण यजमानांच्या अंगठ्यावर होती तिच्याहून लहान. एवढ्याशा तोंडाची गोल पटाशी आमच्या घरात एकच होती, आखूड दांड्याची.

'विळी लागली' म्हणाल्या, त्या दिवशी विळी तर दोन वर्षं खुंटीवर होती. माझ्या डोळ्यांसमोर होती.

मी त्या वणावर बोट ठेवून बघितलं. वणाची कोर कुठल्या बाजूनं आत गेली आहे ते कोरणाऱ्याला कळतं. हात पात्याच्या मागे नव्हता, पुढे होता. त्यांनी लाकूड पटाशीकडे नेलं होतं. सबंध आयुष्य विळीवर गेलेला हात, दुसरं काय करणार? पहिल्या दिवशी मीही तेच केलं होतं. माझ्या वेळी ओरडायला समोर चाचा होते. त्या एकट्याच कोरायला बसल्या तेव्हा मी घरातच असणार, शेजारच्या खोलीत, तांदूळ निवडत.